पडद्यावरची जीवसंख्या

‘पॉप्युलस’ हा जीवसंख्येची गणिती प्रतिमाने शिकवणारा संगणक-कार्यक्रम आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात परिस्थितिकी शिकवणारे डॉन ऑल्स्टॅड यांनी तो तयार केला. सुरुवातीला तो डॉस प्रणालीवर चालत असे. पुढे जावा भाषेत नव्याने लिहिल्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स अशा कुठल्याही संगणकावर तो चालू लागला. तो विनामूल्य मिळतो, आणि त्याच्या आधाराने शिकवण्यासाठी ऑल्स्टॅड यांचे पुस्तकही २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. एका जातीची वाढ, वयोगटांनुसार बदलणारी संख्या, दोन जातींमधली स्पर्धा, भक्ष्य आणि भक्षक, यजमान आणि परजीवी, साथीचे रोग, नैसर्गिक निवड अशी जीवसंख्याशास्त्राची बहुतेक सगळी प्रमुख प्रतिमाने त्यात आहेत. विद्यार्थ्याने यादीतून प्रतिमान निवडायचे, चौकटीत आकडे भरायचे आणि आलेख पाहायचा. एखादा आकडा बदलला की आलेख नव्याने काढला जातो.

रचना इतकी साधी असण्यामागे एक शैक्षणिक गरज आहे. जीवसंख्येची प्रतिमाने म्हणजे बहुतांशी विकलक समीकरणे. ती हाताने सोडवायला कलनशास्त्र यावे लागते, आणि त्यातली बरीच तर कलनशास्त्र येऊनही कागदावर सुटत नाहीत. जीवशास्त्राच्या वर्गात त्यामुळे समीकरण फळ्यावर येते, पाठ्यपुस्तकातला तयार आलेख त्याच्या शेजारी येतो आणि या दोहोंमधला दुवा विद्यार्थ्याला विश्वासावर स्वीकारावा लागतो. तो दुवा स्वतः तपासून पाहण्याची सोय पॉप्युलससारखा कार्यक्रम करून देतो. या विषयातले निष्कर्ष अनेकदा सहजबुद्धीच्या विरुद्ध जातात, आणि असे निष्कर्ष नुसते ऐकून पटत नाहीत. म्हणून ही सोय महत्त्वाची ठरते.

सर्वांत साधे प्रतिमान अनिर्बंध वाढीचे. दरवर्षी दुप्पट होणारे दहा प्राणी वीस वर्षांनी एक कोटीच्या वर जातात. हे गणित चक्रवाढ व्याजासारखेच असल्याने विद्यार्थ्याला लगेच कळते, आणि प्रत्यक्षात असे घडत नाही हेही त्याला ठाऊक असते. बेल्जियमचे गणिती व्हेर्हुल्स्ट यांनी १८३८ मध्ये या वाढीला मर्यादा घातली: संख्या परिसराच्या धारणक्षमतेच्या जवळ जाऊ लागली की वाढीचा दर त्या प्रमाणात घटतो. या समीकरणाचा आलेख ताणलेल्या इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा दिसतो आणि शेवटी धारणक्षमतेपाशी सपाट होतो. पडद्यावर तो चार-सहा वेळा काढून पाहिला की एक गोष्ट नजरेत भरते. संख्येत सर्वाधिक भर पडते ती संख्या धारणक्षमतेच्या निम्म्यावर असताना. मासेमारीची मर्यादा ठरवताना दीर्घकाळ वापरला गेलेला कमाल शाश्वत उत्पादनाचा हिशोब याच गुणधर्मावर उभा आहे.

या प्रतिमानाचा अनुभव सावध करणाराही आहे. रेमंड पर्ल आणि लोवेल रीड यांनी १९२० मध्ये अमेरिकेच्या जनगणनेचे आकडे याच वक्रात बसवले आणि देशाची लोकसंख्या सुमारे १९ कोटी ७० लाखांवर स्थिरावेल असे गणित मांडले. तोवरच्या आकड्यांशी वक्र उत्तम जुळत होता. १९६७ मध्ये अमेरिकेने २० कोटींचा टप्पा ओलांडला आणि वाढ पुढेही चालूच राहिली. धारणक्षमता हा स्थिर आकडा आहे, हे गृहीतकच माणसांच्या बाबतीत टिकले नव्हते. झालेल्या गोष्टींशी वक्र जुळला म्हणजे तो होणाऱ्या गोष्टींशीही जुळेल असे नाही, हा धडा याहून चांगल्या उदाहरणाने देता येणे कठीण.

कार्यक्रमाची खरी ताकद दिसते ती पिढ्या एकमेकींत न मिसळणाऱ्या जातींचे प्रतिमान चालवताना. वर्षातून एकदाच अंडी घालून मरणारे कीटक अशा जातींत येतात. या वर्षीच्या संख्येवरून पुढच्या वर्षीची संख्या काढायची, इतकेच हे गणित असते. जास्तीत जास्त शक्य संख्या १ मानली तर नियम असा मांडता येतो: पुढची संख्या = अ × आताची संख्या × (१ − आताची संख्या). ‘अ’ हा वाढीचा दर. तो २.८ असताना संख्या थोडी वरखाली होऊन ०.६४ च्या जवळ स्थिरावते. तो ३.२ केला की संख्या स्थिरावतच नाही. एक वर्ष ०.८०, पुढचे वर्ष ०.५१, पुन्हा ०.८० असा झोका कायमचा सुरू होतो. ३.५ ला तोच झोका चार वर्षांचा होतो. ३.५७ च्या पुढे, मधले काही पट्टे सोडले तर, कुठलीच पुनरावृत्ती उरत नाही. संख्या कधी आटते, कधी उसळते, आणि पाहणाऱ्याला वाटते की हवामानाचा किंवा रोगाचा फटका बसत असणार. प्रत्यक्षात त्यात नशिबाचा अंशही नसतो. सगळे त्या एका ओळीच्या नियमातून येते.

‘अ’ ३.९ ठेवून एकदा ०.२०० आणि एकदा ०.२०१ या संख्येपासून सुरुवात केली, तर तिसऱ्या पिढीत ०.३० आणि ०.३१ अशी जवळजवळ सारखी उत्तरे मिळतात. अकराव्या पिढीत ती ०.३४ आणि ०.७२ होतात. सुरुवातीच्या हजाराव्या भागाच्या फरकाने पुढचे सगळे चित्र पालटते. अरण्यातल्या प्राण्यांची गणना कितीही काळजीपूर्वक केली तरी इतकी अचूक नसते. तेव्हा नियम पूर्ण माहीत असूनही दूरचे भाकीत अशक्य ठरू शकते. रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकातल्या लेखात हे समीकरण विद्यार्थ्यांना लवकरात लवकर शिकवावे असा आग्रह धरला होता, आणि त्यासाठी खिशातला कॅल्क्युलेटर पुरेसा आहे असेही म्हटले होते. साध्या नियमांमधून साधेच वर्तन निघते ही समजूत शाळेतच मोडावी, अशी त्यांची इच्छा होती. आज वाढीच्या दराचा आकडा सावकाश वाढवत स्थैर्यापासून गोंधळापर्यंतचा हा प्रवास कोणताही विद्यार्थी एका तासिकेत पाहू शकतो.

दोन जातींची प्रतिमाने आणखी विचार करायला लावतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी मंदावली. इटालियन प्राणिशास्त्रज्ञ उंबेर्तो डी’अँकोना यांनी किनाऱ्यावरच्या बाजारांतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांना एक कोडे पडले. फ्यूमे बंदरात येणाऱ्या मासळीत शार्क, पाकट यांसारख्या भक्षक माशांचे प्रमाण १९१४ मध्ये ११.९ टक्के होते, ते १९१८ मध्ये ३६.४ टक्क्यांवर गेले आणि १९२३ पर्यंत पुन्हा १०.७ टक्क्यांवर उतरले. मासेमारी कमी झाल्याचा फायदा भक्षकांनाच अधिक का व्हावा? त्यांनी हा प्रश्न गणिती व्हितो व्होल्तेरा यांच्यापुढे ठेवला. व्होल्तेरा यांनी १९२६ मध्ये मांडलेली समीकरणे आणि त्याच सुमारास अमेरिकेत आल्फ्रेड लोटका यांनी स्वतंत्रपणे मांडलेली समीकरणे आज दोघांच्या नावाने ओळखली जातात.

त्यांतून निघणारा निष्कर्ष असा: भक्ष्य आणि भक्षक दोघांनाही सरसकट मारत राहिले, तर सरासरीने भक्ष्य वाढते आणि भक्षक घटतो. विद्यार्थ्यांना आधी विचारले तर बहुतेकांचे उत्तर दोन्ही घटतील असे येते, आणि पडद्यावर उलटे दिसल्यावर कारण शोधण्याची इच्छा होते. भक्ष्याची सरासरी संख्या भक्षकाच्या गरजेवरून ठरते: भक्षकाचा जन्मदर आणि मृत्युदर सारखा राखायला किती भक्ष्य लागते, तितकी. भक्षकाचा मृत्युदर वाढला की ही गरजही वाढते. हा युक्तिवाद शेतीला थेट लागू पडतो. कीटकनाशकाने किडीबरोबर मित्रकीटकही मरतात आणि काही दिवसांनी कीड पूर्वीपेक्षा जोमाने उसळते, हे कापूस-भाताच्या शेतकऱ्याला अनुभवाने माहीत असते. कॅलिफोर्नियातल्या संत्री-लिंबांच्या बागांत ऑस्ट्रेलियातून १८८८ मध्ये आणलेल्या ढालकिड्याने आटोक्यात ठेवलेली पांढरी खवलेकीड डीडीटीच्या फवारणीनंतर पुन्हा बोकाळली होती, ती याच कारणाने.

लोटका-व्होल्तेरा प्रतिमान आणखी एका कारणासाठी वर्गात हवे: संगणक स्वतः कसा चुकू शकतो हे ते दाखवते. या समीकरणांचे खरे उत्तर म्हणजे बंद वळसे. दोन्ही संख्या फिरून पुन्हा त्याच जागी येतात. पण संगणक काळाचे छोटे तुकडे पाडून पायरीपायरीने हिशोब करतो. ऑयलरच्या सर्वांत सोप्या रीतीने मोठ्या पायऱ्या टाकल्या, तर प्रत्येक फेरीत थोडी चूक साठते, वळसे फुगत जातात आणि शेवटी एखादी जात नष्ट झाल्यासारखी दिसते. ती जात समीकरणाने मारलेली नसते, गणनेच्या रीतीने मारलेली असते. रुंग-कुट्टा पद्धतीसारख्या अधिक काटेकोर रीतीने हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. पायरी निम्मी करून उत्तर बदलते का ते पाहणे ही सवय ज्या विद्यार्थ्याला लागली, त्याने सिम्युलेशन वापरण्याची निम्मी शिस्त आत्मसात केली असे मानायला हरकत नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. समीकरणात संख्या अपूर्णांकातही असू शकते, जिवंत प्राणी असू शकत नाही. कोल्ह्यांमधल्या रेबीजच्या एका प्रतिमानात साथीनंतर बाधित कोल्ह्यांची संख्या अब्जांशाच्याही खाली गेली होती आणि तरी काही वर्षांनी त्या कणभर कोल्ह्यापासून दुसरी लाट उठत होती. गणिती डेनिस मॉलिसन यांनी १९९१ मध्ये या दोषावर बोट ठेवले. खऱ्या जंगलात शेवटचा बाधित कोल्हा मेला की साथ संपते.

यावर उपाय म्हणजे समष्टीऐवजी एकेका जीवाचे सिम्युलेशन. त्यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा शैक्षणिक कार्यक्रम म्हणजे उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये आणलेला ‘नेटलोगो’. त्याचे मूळ मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या ‘लोगो’ या १९६७ च्या भाषेत आहे. लोगोमध्ये एक कासव सूचनांप्रमाणे चालत असे. नेटलोगोमध्ये अशी हजारो कासवे एकाच वेळी चालतात आणि प्रत्येक जण आपापला नियम पाळतो. त्याच्या संग्रहातले ‘लांडगे आणि मेंढ्या’ हे प्रतिमान जगभरच्या वर्गांत चालते. मेंढी इकडेतिकडे फिरते, काही शक्यतेने पिलू देते. लांडगाही फिरतो, मेंढी सापडली तर खातो, प्रत्येक पावलाला ऊर्जा गमावतो आणि ऊर्जा संपली की मरतो. एवढ्याच नियमांवर खेळ टिकत नाही. कधी लांडगे सगळ्या मेंढ्या संपवून स्वतः उपाशी मरतात, कधी लांडगे आधी संपतात आणि मेंढ्या अमर्याद वाढतात. मग विद्यार्थ्याने एक कळ दाबून गवत सुरू करायचे: मेंढीलाही खावे लागते आणि खाल्लेले गवत उगवायला वेळ लागतो. आता तिन्ही संख्या वरखाली होत दीर्घकाळ टिकून राहतात. भक्षक-भक्ष्याच्या नात्याला तळाशी असलेल्या वनस्पतीने स्थैर्य येते, ही गोष्ट कितीही नीट समजावून सांगितली तरी त्या एका कळीइतकी ठसत नाही.

एकेका जीवाच्या प्रतिमानात योगायोगही येतो, आणि तो निसर्गात खरोखरच असतो. थॉमस पार्क यांनी शिकागोत पिठात होणाऱ्या भुंग्यांच्या दोन जाती एकत्र वाढवल्या. उष्ण आणि दमट हवेत दर वेळी एक जात जिंके, थंड आणि कोरड्या हवेत दुसरी. पण मधल्या हवामानात त्याच परिस्थितीत कधी ही जिंके, कधी ती. जनुकांचेही तसेच. पीटर बुरी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फळमाश्यांच्या १०७ वसाहती दर पिढीला सोळाच माश्या ठेवून एकोणीस पिढ्या वाढवल्या. सर्वांची सुरुवात जनुकाच्या दोन रूपांच्या समसमान प्रमाणाने झाली होती. शेवटी ३० वसाहतींत त्यातले एक रूप पूर्ण नाहीसे झाले होते आणि २८ वसाहतींत तेवढेच उरले होते. असा प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेत करणे अवघड. पॉप्युलसमध्ये तो क्षणात होतो, आणि सोळाऐवजी पाचशे माश्या ठेवल्या तर हे भटकणे किती मंदावते तेही लगेच दिसते.

साथीच्या रोगांच्या प्रतिमानाचा संबंध थेट मुंबईशी आहे. एडिंबराच्या प्रयोगशाळेतले विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये या विषयाचा पाया घालणारा निबंध प्रसिद्ध केला. केरमॅक यांची दृष्टी १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली होती. मॅकेंड्रिक यांनी भारतीय वैद्यकीय सेवेत, कसौलीच्या पाश्चर संस्थेतही, काम केले होते. आपले समीकरण पडताळण्यासाठी दोघांनी निवडलेले आकडे होते मुंबईच्या प्लेगचे: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातल्या दर आठवड्याच्या मृत्यूंचे. त्यांच्या वक्राचे शिखर सतराव्या आठवड्यात, आठवड्याला ८९० मृत्यूंवर येते, आणि नोंदवलेले ठिपके त्या वक्राच्या जवळून जातात.

या प्रतिमानात लोकांचे तीन गट असतात: लागण होऊ शकेल असे, बाधित, आणि बरे होऊन किंवा मृत्यूने साथीतून बाहेर पडलेले. कोविडच्या दिवसांत हीच विभागणी घरोघरी चर्चेत होती. एक रुग्ण सुरुवातीला सरासरी दोघांना रोग देतो असे धरले, तर निम्म्या लोकांना लागण झाली की साथ शिखरावर पोचते. ती तिथेच थांबेल अशी अपेक्षा असते. सिम्युलेशन पुढे चालू ठेवले की दिसते, उतरणीला लागलेली साथही पसरतच राहते आणि संपेपर्यंत सुमारे ८० टक्के लोकांना गाठते. तरीही सगळ्यांना गाठत नाही. लागण व्हायला माणूस उरला नाही म्हणून साथ संपते, ही जुनी समजूत केरमॅक-मॅकेंड्रिक यांनी खोडून काढली ती अशी.

मात्र मुंबईचा प्लेग हे उदाहरण म्हणून जितके प्रसिद्ध तितकेच नाजूक आहे. प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाकडे गेला नव्हता. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरला होता, आणि नेमक्या त्याच वर्षांत प्लेग संशोधन आयोग मुंबईत हे सिद्ध करत होता. माणसांतला प्लेग उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे, याची जाणीव लेखकद्वयालाही होती. पुढच्या संशोधनात दाखवले गेले की मुंबईत साथ दरवर्षी ठरावीक ऋतूत चढत आणि ओसरत होती. त्यामागे पिसवांना मानवणाऱ्या आणि न मानवणाऱ्या हवामानाचा हात होता. या प्रतिमानात ऋतू नाही, उंदीर नाही, पिसू नाही, आणि तरी वक्र जुळला. हा प्रसंग शिक्षकांनी गाळू नये. आकडे जुळणे आणि कारण सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्या शहराच्या मृत्यूंवर हे गणित पडताळले गेले तिथल्या विद्यार्थ्याला तर ते मुळापासून समजायला हवे.

प्रतिमानाबाहेरचे जग किती मोठे आहे हे दाखवणारे दुसरे ठिकाण म्हणजे अमेरिकेच्या लेक सुपीरियर सरोवरातले आयल रॉयल बेट. ‘इकोबीकर’ या शैक्षणिक कार्यक्रमातला एक लोकप्रिय पाठ त्यावर बेतलेला आहे. बेटावर मूस जातीची प्रचंड हरणे होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या सरोवरावरून लांडगे आले. १९५८ पासून दोघांचीही गणना होत आली आहे. पुस्तकी झोके तिथे अपेक्षित होते. पण १९८० मध्ये पन्नास असलेले लांडगे १९८२ मध्ये चौदावर आले, कारण कुत्र्यांचा पार्व्हो विषाणू बेटावर पोचला होता. पुढे बर्फाचा पूल क्वचितच तयार होऊ लागला, नवे रक्त येईना, जवळच्या नात्यातल्या प्रजननाने कळप खंगला आणि शेवटी दोनच लांडगे उरले. २०१८-१९ मध्ये बाहेरून लांडगे आणून सोडावे लागले. विषाणू, हिवाळा आणि वंशावळ यांतले काहीही मूळ समीकरणांत नव्हते. या गोष्टी एकेक करून प्रतिमानात कशा घालायच्या, हाच पाठाचा पुढचा भाग होतो. संकटग्रस्त जातींचे भवितव्य तपासण्यासाठी तज्ज्ञ वापरतात त्या ‘व्होर्टेक्स’ कार्यक्रमात आपत्ती, अंतःप्रजनन आणि योगायोग यांना मुद्दाम जागा दिलेली असते.

वर्गात हे कार्यक्रम वापरण्याची रीत निकालावर फार परिणाम करते. नुसते आकडे फिरवत बसलेला विद्यार्थी रंगीत रेषा पाहतो आणि तासानंतर त्याच्या हाती काही उरत नाही. संगणक चालू करण्यापूर्वी कागदावर आपला अंदाज रेखाटायला लावावा. मग एका वेळी एकच आकडा बदलावा. आणि अंदाज चुकला तर का चुकला ते दोन वाक्यांत लिहून घ्यावे. नेटलोगोमध्ये त्यापुढची पायरीही शक्य आहे. प्रतिमानाचा कोड उघडा असल्याने नियम वाचता येतो आणि बदलता येतो. मेंढ्यांना कळपाने राहायला शिकवणारी चार ओळींची भर विद्यार्थी स्वतः घालू शकतो, आणि तिथे तो प्रतिमान वापरणाऱ्याचा प्रतिमान रचणारा होतो.

खर्चाची बाजू सोपी आहे. पॉप्युलस आणि नेटलोगो दोन्ही विनामूल्य आहेत. पॉप्युलससाठी संगणकावर जावा असावे लागते. नेटलोगोची एक आवृत्ती थेट ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे काही न बसवताही काम भागते. दोन्ही कार्यक्रम जुन्या, बेताच्या संगणकावर चालतात, आणि एक संगणक व एक प्रोजेक्टर असला तरी सबंध वर्गाकडून अंदाज घेऊन ते चालवून दाखवता येतात.